घरच्या गांजाची काढणी : झाड खरंच तयार झालंय की फसवतंय?

दर सप्टेंबर-ऑक्टोबरला दोन तक्रारी हमखास येतात. पहिली : फुलांतून निघणारे पांढरे केस तांबडे झाले, पाकिटावर लिहिलेले आठ आठवडे उलटले, म्हणून झाड कापलं, आणि वाळल्यावर तुरे (फुलांचे घोस) हलके, भुसभुशीत, दम नसलेले निघाले. दुसरी अगदी उलट : ‘अजून भरू दे’ म्हणत थांबले आणि सगळ्यात जाड तुऱ्याच्या पोटात राखाडी बुरशी सापडली. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. खूण चुकीची निवडलेली असते, किंवा खूण बरोबर पण चुकीच्या जागी आणि चुकीच्या उजेडात पाहिलेली असते.

कायद्याचं आधी, कारण काढणीशी त्याचा थेट संबंध आहे. पुढचं सगळं जिथे घरी झाड लावायला परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठी आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रत्येक प्रौढ रहिवाशाला तीन झाडं लावता येतात, पण वाळलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो. बाहेर नीट वाढलेलं एकच झाड एवढं सहज देतं, आणि ५० ग्रॅमच्या वरचं नष्ट करावं लागतं. कॅनडात ऑक्टोबर २०१८पासून घरटी चार झाडं चालतात. घरटी, माणशी नव्हे. क्वेबेकमध्ये घरी लावायला मनाईच आहे. भारतात १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली कुंडीतलं एक झाडही गुन्हा ठरतो, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यामुळे ‘गावी गॅलरीत लावून बघू’ हा विचार करूच नये, आणि सुट्टीला येताना बॅगेत काही आणणं तर नाहीच नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी : राज्याने परवानगी दिली तरी केंद्रीय कायद्यात गांजा बेकायदाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात आहे. तिथे नागरिक नसलेल्या माणसाने या भानगडीत पडू नये.

आठवडे मोजले, तरी चुकलं कसं?

बियांच्या पाकिटावरचे ‘८ ते ९ आठवडे’ फुलोऱ्याचे असतात, आणि फुलोरा कधी सुरू झाला यावरच गोंधळ होतो. घरात दिव्याखाली झाड असेल तर दिवा १२ तास चालू, १२ तास बंद केल्याच्या दिवसापासून लोक मोजायला लागतात. प्रत्यक्षात त्यानंतर एक ते दोन आठवडे झाड नुसतं उंच होत असतं. शेंड्यावर पांढऱ्या केसांचे पहिले झुपके दिसले, तो पहिला दिवस. म्हणजे दिवा बदलल्यापासून मोजलेले आठ आठवडे हे झाडाच्या हिशेबाने सहा-सात असतात. हलके तुरे इथेच मिळतात, कारण तुऱ्याचं वजन शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने वाढतं.

बाहेरच्या झाडाला रात्र लांबायला लागल्यावर फुलोरा येतो. टोरांटो किंवा बर्लिनच्या अक्षांशावर बहुतेक जातींना तो ऑगस्टमध्ये धरतो. त्यात आठ-नऊ आठवडे मिळवले की थेट ऑक्टोबरचं धुकं आणि पाऊस गाठतो. ऑटो म्हणतात त्या जातींचं गणित वेगळं : त्यांना दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, बी रुजल्यापासून साधारण १० ते १३ आठवड्यांत त्या उरकतात. सॅटिव्हाकडे (गांजाचा उंच, उशिरा पिकणारा प्रकार) झुकणाऱ्या जातींना फुलोऱ्याचे ११-१२ आठवडेही लागतात. थोडक्यात, आठवडे हे भिंग कधी बाहेर काढायचं ते सांगतात. पाकिटावर आठ असतील तर झुपक्यांपासून सातव्या आठवड्यात पाहायला सुरुवात करावी. कात्री कधी लावायची ते आठवड्यांवरून ठरत नाही.

पाहायचं काय, आणि कुठे

तुऱ्यावर जी पांढरी, चिकट लव दिसते ती म्हणजे ट्रायकोम : बारीक दांडा आणि त्यावर राळेने भरलेलं गोल डोकं. हे डोकं साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फक्त चमक दिसते, रंग कळत नाही. ३० ते ६० पट मोठं दाखवणारं, स्वतःचा पांढरा दिवा असलेलं सोनाराचं भिंग पुरतं. ६० ते १०० पटीचा छोटा खिशातला मायक्रोस्कोप असेल तर उत्तम, पण तो झाडावर धरून पाहायचा प्रयत्न करू नये. हात हलतो, तुरा हलतो, काही दिसत नाही आणि वर डोकी घासून जातात ती वेगळीच. चिमट्याने तुऱ्याचा हरभऱ्याएवढा तुकडा काढावा, काळ्या कागदावर ठेवावा आणि टेबलावर कोपर टेकून निवांत पाहावा.

आता जागा. सर्वात जास्त फसगत इथे होते. तुऱ्यातून जी लहान पानं डोकावतात त्यांच्यावरचे ट्रायकोम आधी पिकतात. तिथे पाहिलं की सगळं मधाळ दिसतं आणि माणूस आठ-दहा दिवस आधीच कापतो. पाहायचं ते केस ज्यातून बाहेर येतात त्या फुगीर, टोकदार थैलीवर. कॅलिक्स म्हणतात तिला. आणि एकाच ठिकाणी नाही : शेंड्याचा तुरा, मधल्या फांदीचा, आणि खाली सावलीतला, अशा तीन जागा. प्रत्येक तुकड्यावर ४०-५० डोकी मोजावीत. अंदाजाने ‘दुधाळ दिसतंय’ म्हणू नये, कारण डोळा चमकणाऱ्या चार डोक्यांवरच जातो.

तीन अवस्था असतात. कच्चं डोकं आरपार दिसतं, त्याच्यामागची हिरवी थैली त्यातून दिसते आणि त्यावर दिव्याचा एक तीक्ष्ण ठिपका चमकतो. तयार डोकं दुधाळ होतं, मागचं दिसेनासं होतं, ठिपकाही मंद पडतो. त्यानंतर ते मधाळ, मग तपकिरी. ज्वारीच्या हुरड्याला जसे मोजकेच दिवस असतात, तसंच इथेही : आधी तोडलं तर नुसतं दूध, उशीर केला तर दाणा टणक.

घरगुती वापरासाठी सर्वसाधारण माप असं : मधल्या आणि शेंड्याच्या तुऱ्यांवर दुधाळ डोकी ८० टक्क्यांच्या वर, मधाळ ५ ते १५ टक्के, आणि आरपार दिसणारी जवळपास नाहीत. आरपार डोकी पाचात एक असली तरी थांबा. पहिलं मधाळ डोकं दिसल्यापासून दर दोन दिवसांनी तपासा, कारण उष्ण हवेत चार दिवसांत चित्र बदलतं.

‘मधाळ जितकं जास्त तितकी झोप चांगली’ हे फार ऐकू येतं. त्यामागचा युक्तिवाद असा की टीएचसी (नशा आणणारं मुख्य द्रव्य) जुनं होऊन त्याचं सीबीएन (झोप आणणारं मानलं जाणारं द्रव्य) होतं. तसं ते होतं, पण मुख्यतः हवा, उजेड आणि उष्णता लागून, म्हणजे जास्त करून साठवणीत. झाडावर आठवडाभर जास्त ठेवून मिळतं ते थोडंच, आणि वास मात्र नक्की उडतो. २० टक्क्यांच्या पुढे थांबण्यात फायदा दिसत नाही.

एक बारीक गोष्ट : उजेड. जांभळ्या एलईडीखाली किंवा पिवळ्या सोडियम दिव्याखाली ट्रायकोमचा खरा रंग कळत नाही. तुकडा दुसऱ्या खोलीत नेऊन पांढऱ्या उजेडात पाहा. मोबाइलने फोटो काढत असाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि रंग आपोआप सुधारणारी सेटिंग बंद करा.

केसांवरून ओळखायचं का?

केस हे उपयोगी आहेत, पण दुय्यम. साधारण ७० ते ९० टक्के केस तांबडे होऊन थैलीकडे आत वळले आणि थैल्या फुगल्या, की भिंग काढायची वेळ झाली. तांबडे झाले पण वळले नाहीत, थैल्या चपट्याच आहेत, तर पिकण्याशी त्याचा संबंध नाही. पाऊस, बोटांचा स्पर्श, जोराचा पंखा, फवारणी, लाल कोळी, यांपैकी कशानेही केस करपतात. हे करपणं सहसा एका बाजूला किंवा फक्त शेंड्यावर असतं. खरं पिकणं तुऱ्याच्या बुडाकडून वर सरकतं.

केस सगळे तांबडे आणि थैल्याही छान फुगलेल्या, पण सहावाच आठवडा चालू आहे? चार-पाच थैल्या नखाने फोडून बघा. आत फिकट हिरवी किंवा तपकिरी, पट्टे असलेली बी सापडली तर परागण झालंय. परागकण पडला की केस काही दिवसांतच सुकतो, आणि झाड राळेऐवजी बियांकडे लक्ष देतं. कुठेतरी नर झाड राहून गेलेलं असतं, किंवा याच झाडावर नर फुलं आलेली असतात. हा प्रश्न जुना आहे : ब्रिटिश सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या (आता बांगलादेशातल्या) गांजाच्या शेतांचं वर्णन आहे, तिथे नर झाडं ओळखून उपटायला ‘पोद्दार’ म्हणून खास जाणकार बोलावत. बी धरलेल्या झाडाला जास्त थांबवून उपयोग नाही. उरलेल्या थैल्यांवर दुधाळपणा आला की उतरवून घ्या.

शेवटच्या दोन आठवड्यांत तुऱ्यातून पिवळी, केळ्याच्या आकाराची इवलीशी पुंकेसरं दिसली तर घाबरून सगळं कापायची गरज नाही. पाण्याचा हलका फवारा मारून ती चिमट्याने उचला (ओले परागकण उडत नाहीत) आणि पंखा लावून तुरे लगेच कोरडे करा. रोज नवीन निघत असतील तर चार-पाच दिवसांत काढणी उरका.

याच्या उलट दुखणं : दहावा आठवडा उलटला तरी पांढरे केस येतच आहेत. बहुतेक वेळा दिवा फार जवळ असतो किंवा तुऱ्याजवळचं तापमान ३० अंशांच्या वर असतं. मग जुन्या तुऱ्याच्या डोक्यावर नव्या थैल्यांचे मनोरे चढतात. हे नवे केस कधी तांबडे होतील याची वाट पाहत बसलात तर खालचा माल उतरणीला लागेल. मनोऱ्याकडे दुर्लक्ष करून त्याच्या खालच्या, जुन्या थैल्यांवरचे ट्रायकोम पाहा आणि त्यावरून ठरवा. दिवा १०-१५ सेंटीमीटर वर घ्या. मनोऱ्याऐवजी तुऱ्यातून एकेरी, गोल, दातेरी कडा नसलेली पानं निघत असतील तर भानगड वेगळी आहे : रात्रीच्या अंधारात कुठून तरी उजेड येतोय आणि झाड पुन्हा वाढीला लागलंय. झाड ज्या तंबूत ठेवलंय त्याची चेन, चार्जरचा दिवा, रस्त्यावरचा खांब, हे तपासा.

पानांवरून काढलेले निष्कर्ष

मोठी पानं पिवळी पडणं शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत साहजिक आहे, झाड त्यातला नत्र ओढून घेतं. चौथ्या आठवड्यातच खालून पिवळं चढत आलं तर तो नत्र कमी पडल्याचा भाग, पिकण्याचा नाही. अशा झाडाला खत न देता ‘आता पिकलंच’ म्हणून सोडून दिलं तर तुरे भरतच नाहीत. पानं जांभळी होणं बऱ्याचदा थंड रात्रींमुळे आणि जातीमुळे असतं.

पानावर पांढरं दिसलं म्हणजे राळ, असंही नाही. बोटाने पुसून बघा. पिठासारखं निघून आलं आणि बोट चिकटलं नाही तर ती भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. द्राक्षवाल्यांना सांगायला नको. भुरी आलेले तुरे वापरू नयेत, आणि फुलोऱ्यात गंधक फवारून ते वाचवायच्या फंदातही पडू नये, गंधक तुऱ्यातच राहतं.

‘शेवटचे दोन आठवडे नुसतं पाणी द्यायचं, म्हणजे खताची चव जाते’ हा सल्ला जवळपास धर्माज्ञेसारखा फिरतो. त्याला पक्का आधार मिळालेला नाही. खत हळूहळू कमी करा, कुंडीत वाफसा आल्याशिवाय पाणी देऊ नका, एवढं बास.

हवामान आडवं आलं तर

इथे मात्र भिंग बाजूला ठेवायची तयारी हवी. बाहेरच्या झाडाचा खरा शत्रू राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस. तीच जी स्ट्रॉबेरीवर येते. साधारण १५ ते २५ अंश तापमान, हवेत दमटपणा आणि तुऱ्यात साचलेलं दव एवढं मिळालं की ती आतून सुरू होते. बाहेर भुकटी दिसते तेव्हा आत दांडा कुजलेला असतो.

लवकर ओळखायची एकच भरवशाची खूण : हिरव्यागार, जाड तुऱ्यात एकच पान अचानक पिवळं-तपकिरी होऊन लोंबलेलं. ते हलकेच ओढा. निरोगी पान ओढलं तर ताण देतं. हे लोण्यातून निघावं तसं सुटून येतं, आणि त्याच्या देठाशी तपकिरी, मऊ, किंचित उबट वासाचा भाग दिसतो. तुरा तिथे उघडून बघा. राखाडी धागे दिसले तर त्याच्या तीन-चार सेंटीमीटर खाली, निरोगी दांड्यावर कापा, तुकडा सरळ पिशवीत घाला (झटकू नका, बीजाणू उडतात) आणि प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा. बुरशीचा भाग खरवडून उरलेला तुरा वाळवणं हा शहाणपणा नाही. तो कचराच. फुप्फुसाचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी बुरशीचा धूर धोकादायक ठरू शकतो.

मग थांबायचं की कापायचं? हिशेब असा मांडा. दुधाळ डोकी ६० टक्क्यांच्या वर गेलीत, पुढचे तीन दिवस सलग पावसाचे आहेत आणि झाडाला छप्पर देता येत नाही : जाड शेंडे आजच उतरवा. सैल, लहान तुऱ्यांना बुरशी उशिरा धरते, ते आठवडाभर ठेवता येतात. दुधाळ निम्म्याहून कमी असेल आणि कुंडी हलवता येत असेल तर ती आत घ्या, निदान रात्रीपुरती. रोज सकाळी झाड हलवून दव झटकणं आणि आतली गर्दीची मोठी पानं काढणं, या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो. आत वाढवत असाल तर शेवटच्या पंधरवड्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, आणि दिवा बंद झाल्यावरही पंखा चालू राहू द्या, कारण दिवा मालवला की तापमान उतरतं आणि दमटपणा चढतो.

थंडीचं म्हणाल तर शून्याच्या आसपासचं एखाद्या पहाटेचं दहिवर झाड सोसतं. उणे तीनच्या खालच्या रात्रीनंतर पानं काळपट, पाणावल्यासारखी होतात. हवामानखात्याने तसा अंदाज दिला की संध्याकाळीच कापा. आणि ही रड दरवर्षीची असेल तर दोष काढणीत नाही, जातीत आहे : पुढच्या हंगामात मेमध्ये ऑटो पेरा, ती ऑगस्टमध्येच हातात येते.

टप्प्याटप्प्याने

वरचे तुरे तयार आणि खालचे कच्चे, हे काही दुखणं नाही, खाली उजेडच कमी मिळतो. शेंडे आणि वरच्या फांद्या कापा, खालच्यांना ७ ते १० दिवस द्या. पाणी आधीपेक्षा निम्मं करा, कारण पानं निम्मी गेलीत आणि माती लवकर सुकत नाही. घरातलं झाड असेल तर शेंडे गेल्यावर दिवा खाली आणावा लागेल, पण एकदम नको.

कापल्यानंतरच्या दोषाचं खापर काढणीवर

ओल्या गवताचा वास आला की ‘लवकर कापलं’ असं म्हणतात. बहुतेक वेळा ते लवकर वाळवलेलं असतं. तुरे उन्हात, हीटरजवळ किंवा पंख्याच्या थेट झोतात दोन-तीन दिवसांत कडक झाले की हा वास राहतो. अंधाऱ्या खोलीत, १५ ते २० अंशांत, ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत फांद्या उलट्या टांगा, हवा खेळती ठेवा पण झोत भिंतीवर जाऊ द्या. ७ ते १४ दिवस लागतात. ताज्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे हलकं झालं म्हणून कच्चं होतं असं समजू नका. बारीक काडी वाकवल्यावर ‘कट्’ करून मोडली आणि जाड दांडा अजून वाकतोय, तेव्हा काचेच्या बरणीत भरा, बरणी पाऊण भरेल एवढंच.

बरणीत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टाका. दुसऱ्या दिवशी आकडा ५८ ते ६२ असेल तर बरणी दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं उघडत राहा. ६५च्या वर असेल तर तुरे बाहेर काढून आणखी दिवसभर पसरा. ७०च्या वर गेला किंवा झाकण उघडताच अमोनियासारखा वास आला तर माल ओला भरला गेलाय : लगेच पसरा, एकेक तुरा फोडून आत बुरशी तपासा. ५०च्या खाली गेलेला माल पुन्हा दमट करायला संत्र्याची साल घालतात, ती घालू नका, सालीसोबत बुरशी येते. बरणीला कुलूप असलेली जागा द्या. घरात पोरं असतील तर तो कायद्याचाही भाग आहे.